गर्दीत सांगायची गोष्ट

मन्नाएखेळ्ळीला हायवेच्या कडेला गुरुशांतप्पांचं शेतीच्या मोटार-पाइपचं दुकान आहे. दुकानात पाट्या भरपूर, पण ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी मात्र त्यांनी कधी लावू दिली नाही. देवानं दिलेलं अंग तेवढं परत करता येत नाही, बाकी सगळं करता आलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. आणि हे नुसतं म्हणणं नव्हतं. गावात कुणाचा मिक्सर जळो, कुणाचं बियाणं न उगवो, कुणाच्या नव्या चपलेचा अंगठा तिसऱ्या दिवशी निघो, माणूस आधी त्यांच्याकडे येणार. ते एकच विचारायचे, “पावती हाय?” पावती असली की स्वतः गाडीला किक मारायची, थेट हुमनाबाद नाहीतर बीदर गाठायचं आणि त्या दुकानदाराशी इतक्या गोड आवाजात बोलायचं की भांडायला तयार होऊन बसलेला तो बिचारा चहा मागवायचा.

आवाजाची ती गोडी श्रावणातली होती. मठात महिनाभर प्रवचन चालतं. शास्त्री शरणांची, म्हणजे जुन्या शिवभक्तांची, कथा सांगत सांगत एका जागी येऊन थांबतात, आणि तिथून पुढचं वचन गुरुशांतप्पा पेटीवर उचलतात. ते गायला लागले की भिंतीला टेकून डुलक्या घेणारी म्हातारी सावित्रम्मासुद्धा डोळे पुसत सावरून बसते. शरणांच्या कथेत नवराबायको जोडीनंच देवापुढे उभे असतात, एकाला वगळून दुसऱ्याची भक्ती पुरी होत नाही. हे गाताना गुरुशांतप्पा ती ओळ नेहमी दोनदा घ्यायचे. यंदाच्या श्रावणात मात्र त्या जागी त्यांनी डोळे मिटून घेतले, कारण समोर बायकांत त्यांची बायको सिद्धव्वा बसली होती आणि ती त्यांच्याकडे बघत नव्हती.

वर्ष होत आलं होतं त्यांनी आपलं अंथरूण माडीवर नेल्याला. थंडीच्या तोंडाला, मी घोरतो, तुझी झोप मोडते, म्हणून नेलं. उन्हाळ्यात, खाली उकडतं, असं सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. बायकोजवळ जावं तर अंगच साथ देईना. अठ्ठावन्नाव्या वर्षी हे कुणाला सांगायचं? हुमनाबादच्या रस्त्याला तंबू ठोकून बसलेल्या एका वैद्याकडून त्यांनी गुपचूप ताकदीच्या पावडरचा डबा आणला, मग दुसरा, मग तिसरा. पावडर घेतली की छाती धडधडायची, कान तापायचे, आणि बाकी सगळं होतं तिथंच. दुनियेचा माल परत करून देणाऱ्या माणसानं ते तीन डबे दुकानात पाइपांच्या मागं दडवून ठेवले होते.

दिवाळी झाल्यावर सिद्धव्वा लेकीकडे हैदराबादला निघाली. चार दिवस जाऊन येते म्हणाली. गुरुशांतप्पा तिला पोचवायला निघाले आणि पिशवी उचलताना त्यांना वजन लागलं. उघडून बघितली तर आठ लुगडी, स्वेटर, विभूतीची डबी, चष्म्याचं दुसरं घर.

“चार दिवसाला एवढं?” त्यांनी विचारलं.

“राहीन म्हणते थोडं लेकीकडं,” सिद्धव्वा लुगड्याची घडी सारखी करत म्हणाली. “तुम्हाला काय फरक पडतोय. तुम्ही माडीवर.”

ती ओरडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. ती ओरडली नाही. बसमध्ये झहीराबादपर्यंत दोघं खिडकीबाहेरच्या तुरीबद्दल बोलले. तूर यंदा चांगली होती, तिच्याबद्दल बरंच बोलता आलं. सगळ्या वाटेत गुरुशांतप्पांच्या मनात एकच होतं, की ही परत आली नाही तर घरात कुणाच्या पायांचा आवाज येणार.

रविवारी लेक दानेश्वरी दोघांना म्युझियम बघायला घेऊन गेली. सगळं हैदराबाद त्या दिवशी तिथंच आलं असावं. चित्रांपुढं माणसं, पुतळ्यांपुढं माणसं, आणि माणसांपुढं मोबाइल धरलेले हात. ओढणीतल्या एका संगमरवरी बाईपुढं इतकी दाटी होती की सिद्धव्वाला तिचा नुसता माथा दिसला. एवढे जण टक लावून बघायलेत, बिचारीला घडीभर पाठ टेकता येत नसंल, असं ती म्हणाली. गुरुशांतप्पांना वेगळंच खटकत होतं. तिकीट सगळ्यांकडून सारखंच घेतलं, आणि दिसतंय मात्र पुढच्या दोन रांगांना. मागच्यांना निम्म्या पैशात सोडायला पाहिजे, हा काही न्याय झाला नाही, असं ते तिथल्या पहारेकऱ्याला समजावून सांगायला लागले, तेव्हा दानेश्वरीनं त्यांचा हात धरून त्यांना पुढं ओढलं.

शेवटी ती त्यांना घड्याळाच्या चौकात घेऊन आली. दर तासाला त्या घड्याळातून एक चिमुकला माणूस बाहेर येतो आणि टोल देतो. बारा वाजायला वीस मिनिटं होती. बारा टोल ऐकायला मिळणार म्हणून माणसं मांडीला मांडी लावून बसली होती. नातीला तहान लागली, म्हणून दानेश्वरी तिला घेऊन पाण्याच्या शोधात गेली आणि गर्दीनं तिची वाट बुजवून टाकली.

दोघं बसले. पुढं तेलुगू, मागं उर्दू, डावीकडं पोरांची इंग्रजी. नुसता गलका.

“एक इचारू?” सिद्धव्वा घड्याळाकडंच बघत म्हणाली. “पिशवी काढल्यापासून मी तुम्हाला बाई वाटंना का?”

गुरुशांतप्पांना आधी अर्थच लागेना. मग लागला. दीड वर्षापूर्वी गुलबर्ग्याला तिचं गर्भाशय काढलं होतं. कागदावर सही त्यांनीच केली होती. त्यानंतर सहा महिन्यांनी त्यांचं अंथरूण वर गेलं. या दोन गोष्टी त्यांनी कधी शेजारी ठेवून बघितल्या नव्हत्या. तिनं वर्षभर रोज रात्री ठेवल्या होत्या.

घरात हे बोलणं झालंच नसतं. घराची भिंत शेजारच्या चन्नम्माच्या भिंतीला लागून, दुकानात गिऱ्हाईक, मठात सगळं गाव. इथं हजार माणसं होती आणि त्यातलं एकही आपलं नव्हतं. गुरुशांतप्पांनी तिच्या कानाशी तोंड नेलं आणि सांगायला सुरुवात केली. अंगाचं सांगितलं, लाजेचं सांगितलं, माडीवर झोप लागत नाही हे सांगितलं. गलका वाढत होता तसा त्यांचा आवाजही वाढत गेला.

“तुझं काय बी न्हाई त्यात, सिद्धव्वा. माझंच अंग ऐकंना झालंय. तंबूतल्या त्या वैद्याची पावडर खाल्ली...”

बाराला मिनिट उरलं असावं. कुणीतरी शूः केलं आणि सगळा चौक एकदम गप्प झाला.

“...तीन डबे खाल्ले, तरी काय बी उपेग न्हाई,” गुरुशांतप्पांचा श्रावणातला खडा आवाज त्या शांततेत घुमला.

चिमुकला माणूस बाहेर आला. त्यानं बारा टोल दिले. एवढे लांब बारा टोल गुरुशांतप्पांनी जन्मात ऐकले नव्हते. चार-पाच माणसांनी वळून बघितलं, पण त्यांना भाषा कळली नव्हती, ते पुन्हा घड्याळाकडं वळले. गुरुशांतप्पांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि तेवढ्यात मागून कुणीतरी त्यांच्या खांद्याला हात लावला.

“अप्पा, पावती घेतली व्हती का?”

मागं टोपीतला एक गृहस्थ बसला होता, शेजारी त्याची बायको. उद्धवराव नाव, उदगीरचा. लाजायचं काही कारण नाही, असं तो अगदी घरातल्यासारखा सांगायला लागला. त्यानंही तसल्याच कुणाकडून दोन डबे आणून खाल्ले होते. मग बायकोनं धरून डॉक्टरकडं नेलं तेव्हा साखर निघाली. साखर जास्त असली की असं होतं, आधी रक्त तपासा, असं तो म्हणाला. त्याची बायको, आमचं ऐकतेत कुठं हे लोक, अशा नजरेनं सिद्धव्वाकडं बघून मान हलवत होती.

“मिक्सर जळला तर मानूस भांडतो, अप्पा,” उद्धवराव म्हणाला. “हे डबे परत न्यायला कुणी जात न्हाई. म्हणून तर त्यांचा धंदा चालतोय.”

पावती गुरुशांतप्पांनी मागितलीच नव्हती. सिद्धव्वानं पदर तोंडाला लावला होता आणि तिचे खांदे हलत होते. ती रडते आहे असं वाटून ते घाबरले. मग पदराआडून तिचा आवाज आला, “जगाला पावती इचारायलाव,” आणि त्यांना कळलं की ती हसते आहे. किती महिन्यांनी.

गर्दी उठली तशी दारापाशी रेटारेटी झाली. गुरुशांतप्पांनी तिचा हात धरला. दानेश्वरी सापडली तरी सोडला नाही.

संध्याकाळी सिद्धव्वानं लुगडी पुन्हा पिशवीत भरली. महिनाभर राहणार होतीस ना, म्हणून दानेश्वरी रुसली. अप्पांचं रक्त तपासायचंय, एवढंच सिद्धव्वानं सांगितलं. लेकीनं घाबरून आणखी विचारलं, तेव्हा दोघांनी एकदमच नातीच्या फ्रॉकचा विषय काढला.

दुसऱ्या दिवशी ती दोघं घरी न जाता बीदरला उतरली. दवाखान्यात डॉक्टर बाई निघाली, पंचशीला नावाची, दानेश्वरीएवढीच. गुरुशांतप्पा खुर्चीत बसले आणि गुडघेदुखीबद्दल बोलायला लागले. सिद्धव्वानं दोन मिनिटं ऐकून घेतलं, मग मध्ये पडून सगळं सरळ सांगून टाकलं, तीन डब्यांसकट.

डॉक्टर बाई हसली नाही. तिनं रक्त काढायला लावलं, प्रेशर मोजलं, दुपारी रिपोर्ट बघितला. साखर बरीच चढली होती. गोळ्या, चालणं, खाण्याची शिस्त, आणि साखर उतरली की या बाकीच्यावरही औषध आहे, असं तिनं समजावलं. पावडर मात्र आजपासून बंद. असल्या डब्यांत कधीकधी न सांगता भलतंच औषध मिसळलेलं असतं, प्रेशरच्या माणसाला त्यानं झटकाही येऊ शकतो. याची तक्रार लेखी द्यायला पाहिजे, पण लोक नाव द्यायला तयार होत नाहीत, असं ती म्हणाली.

“कागद द्या,” गुरुशांतप्पा म्हणाले.

त्यांनी नाव लिहिलं, गाव लिहिलं, आपल्या दुकानाचं नावही लिहिलं. कशासाठी घेतली होती या रकान्याजवळ त्यांचा पेन घुटमळला, पण तेही लिहिलं. पावती नाही, डबे आहेत, असं खाली लिहून सही केली.

आता उठायचं, म्हणून ते पिशवी उचलायला वाकले. डॉक्टर बाईनं कागद बाजूला ठेवला आणि सिद्धव्वाकडं वळून विचारलं, “आणि मावशी, तुम्हाला? ऑपरेशन झाल्यापासून काही त्रास? जवळ आल्यावर दुखतं का, कोरडं वाटतं का?”

नवऱ्याचं सगळं धडाधड सांगणारी सिद्धव्वा टेबलावरची काच पदरानं पुसायला लागली. दीड वर्षात तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. टाके सुकले का, एवढंच सगळ्यांनी विचारलं होतं, गुरुशांतप्पांनीसुद्धा. आपल्यापुढं तिला संकोच वाटत असेल, असं समजून ते उठून दाराकडं निघाले. तिनं त्यांच्या सदऱ्याची बाही धरली.

“बसा. तुम्हाला बी ऐकायला पायजे.”

ते परत बसले. दारावर पुढच्या पेशंटनं टकटक केली. थोडा वेळ लागंल, असं डॉक्टर बाई आतूनच म्हणाली, आणि सिद्धव्वा अगदी पहिल्या दिवसापासून सांगायला लागली.