अमावास्येची ओहोटी

सर्वपित्रीला आई घरी नव्हती. अमावास्येची ओहोटी मोठी, खडक लांबपर्यंत उघडे पडतात, म्हणून ती कोकणात गेली होती. इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये बाबांचं पान मी एकटीने वाढलं.

ती परतल्यावर रविवारी जेवणाच्या टेबलावर तिचे समुद्रशैवालाचे नमुने वर्तमानपत्रांत दाबून ठेवलेले होते. अर्धे राखीव पट्ट्यातले, जिथे जाळी आणि नांगर टाकायला बंदी आहे. अर्धे त्याच्या बाहेरचे. प्रत्येकाखाली पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी: ‘आत’ किंवा ‘बाहेर’. तपकिरी शैवालांची जंगलं बंदीमुळेच टिकली आहेत, हे ती वीस वर्षं सांगत आली होती. पुढच्या आठवड्यात त्याच बंदीवर सुनावणी होती.

तिचे हात हल्ली थरथरत. ओले कागद बदलायला तिने मला बसवलं.

“चिठ्ठ्या हलवू नकोस.”

“बाबांच्या पानाची एवढी काळजी घेतली असतीस तर.”

“तुझे बाबा थांबतात. ओहोटी थांबत नाही,” ती म्हणाली आणि आत जाऊन पडली.

मी सगळ्या चिठ्ठ्यांची अदलाबदल केली. आतल्या बाहेर, बाहेरच्या आत. सकाळी तिची तारांबळ बघायची आणि मग सांगायचं, असं ठरवलं होतं. सकाळी ती उठलीच नाही.

पाचव्या दिवशी शामसुंदरकाका आले. तिच्याच कॉलेजातले, बंदीच्या विरोधातले. चहाला नको म्हणाले, आणि माझी परवानगी न विचारता टेबलावरचा नमुन्यांचा गठ्ठा सोडून बसले. त्या रात्रीनंतर मी तो उघडला नव्हता. त्यांनी दोनदा मोजलं: बाहेर नऊ जाती, आत तीन.

ते हसले. मग सुतकाचं घर आठवून हसू आवरलं.

“वीस वर्षं भांडली माझ्याशी. शेवटी स्वतःच्याच हाताने हरली बाई.” त्यांनी फोटो काढायला मोबाइल वर धरला. सुनावणीत हेच दाखवतो म्हणाले. वय झालं की माणसाला हवं तेच दिसतं, असंही म्हणाले. “तुलाही कुठे पटत होतं गं तिचं?”

पटत नव्हतं. मी त्यांच्या आणि टेबलाच्या मध्ये उभी राहिले.

“चिठ्ठ्या मी बदलल्या, काका. तिला रडवायला.”