एक वीत खाली

"काका, फीत जरा खाली लावा ना. एक वीतभर."

मॅडम असं म्हणाल्या आणि फीतमास्तरचं टाळकंच सरकलं. चोवीस वर्षं तो या जंगलातल्या झाडांचे घेर मोजत होता. सहाशे बारा झाडं, दर उन्हाळ्यात एकदा, छातीच्या उंचीवर मारलेल्या लाल रेघेवर. फीतमास्तर हे नाव कचेरीनं थट्टेनं ठेवलेलं, पण तो ते मिरवायचा. आणि ही कालची पोरगी, संशोधन केंद्रातून येऊन चार दिवस नाही झाले, त्याला फीत कुठे लावायची ते शिकवणार!

"रेघेवरच लावतात, मॅडम. इकडची तिकडे करायची नसते."

"माहितीये हो. माझ्यासाठी एकदाच."

त्यानं नाक मुरडून फीत खाली घेतली, आकडा पाहिला आणि पुन्हा पाहिला. रेघेवर एकशे बेचाळीस सेंटिमीटर भरलं होतं. एक वीत खाली एकशे एकतीस.

"खोड खाली जाड असतं की वर, काका?"

"खालीच की. शेंबडं पोरही सांगेल," तो बोलून गेला, आणि पुन्हा फितीवरच्या आकड्याकडे बघू लागला.

मॅडमनी नंबराच्या बिल्ल्यावर बोट ठेवलं. पत्र्याचा बिल्ला, खिळ्यानं ठोकलेला, बरोब्बर लाल रेघेवर. खिळ्याभोवती खोडाला चांगला फुगवटा आला होता.

"खिळा रेघेच्या हातभर वर ठोकायचा असतो. इथं कुणी ठोकला?"

"मीच," तो म्हणाला. "सगळ्या झाडांना मीच ठोकलेत."

आता गंमत बघा, एखाद्या आळशी माणसाच्या हातून ही चूक झालीच नसती. त्यानं नियम वाचून निमूट हातभर वर खिळा मारला असता आणि सावलीत जाऊन झोपला असता. फीतमास्तर पडला काटेकोर. त्याला वाटलं, रंग पावसानं उडतो, रेघ पुन्हा मारताना दोन बोटं सरकते, मग आकड्यात काय राम राहिला? खिळा रेघेवरच असला की फीत हलायची नाही. या अकलेचं त्याला केवढं कौतुक होतं! झाडाला मात्र ती जखम झाली. जखम झाकायला झाड तिथं सुजत गेलं आणि हा पठ्ठ्या दरवर्षी सूज मोजून वहीत वाढ म्हणून लिहीत गेला.

त्या वह्यांवर काय काय उभं होतं! घेरावरून लाकडाचं वजन काढायचं, वजनावरून त्यात किती कार्बन साठला ते काढायचं. त्याच्या आकड्यांनी सांगितलं होतं की हे जंगल वाढतंय, हवेतला कार्बन ओढून घेतंय, याला हात लावू नका. तोडीचा प्रस्ताव दोनदा कुंपणापर्यंत आला आणि दोन्ही वेळा फीतमास्तरच्या वह्यांनी तो परत पाठवला. त्या दिवशी घरी जाताना तो ताठ चालायचा.

"सगळी झाडं बघून घ्या, काका," मॅडम म्हणाल्या. "दोन-चारच अशी असतील."

त्या दयेपोटी म्हणाल्या, हे त्यालाही कळलं. एकोणीस दिवसांत त्यानं सगळी झाडं एक वीत खाली मोजली. पहिल्या वर्षीच्या वहीत एकशे तीस असलेलं झाड आज एकशे एकतीस. पुढचंही तसंच, त्याच्या पुढचंही. शिवाय सत्तर झाडं या वर्षांत वाळून पडली होती, कुजत होती, पोटातला कार्बन हवेत सोडत होती. म्हणजे जंगल घेत होतं कमी आणि सोडत होतं जास्त.

घरी त्यानं ताट पुढे सारलं तेव्हा बायको म्हणाली, "काय झालंय ते सांगा तरी. लग्न माझ्याशी केलंत आणि संसार झाडांशी, निदान भांडण तरी माझ्याजवळ आणा."

त्यानं सांगितलं.

"मॅडम चांगल्या आहेत म्हणता ना? मग हात जोडा त्यांना. कुणाला कळणार आहे?"

"हात जोडले तर त्या ऐकतील गं. त्याचीच तर भीती वाटते. चोवीस वर्षं खोटं लिहिलं ते न कळत. आता कळून लिहू?"

तिनं ताटावर झाकण ठेवलं.

कचेरीतल्या साहेबांनी आकड्यांच्या दुरुस्तीचा कागद त्याच्यासमोर ठेवला. साहेब माणूस वाईट नव्हता. "फीतमास्तर, सहा महिन्यांत निवृत्त होताय. आपल्याच पायावर धोंडा कशाला पाडून घेता? राहू द्या मॅडमचं मत म्हणून."

"मत नाही ते साहेब, माप आहे," तो म्हणाला आणि सही केली. त्या सहीचं त्याला त्या दिवशी बरं वाटलं होतं.

दोन महिन्यांनी वरून योजना आली. नाव झकास होतं, वनपुनरुज्जीवन. न वाढणारी जुनी झाडं काढायची, तिथे झटपट वाढणारी रोपं लावायची. तीस वर्षांत ती किती कार्बन शोषतील त्याची चढती रेघ रंगीत कागदावर काढली होती.

फीतमास्तर तडक साहेबांच्या खोलीत गेला. बूटसुद्धा पुसले नाहीत.

"वाढत नाहीत म्हणालो मी. तोडा कधी म्हणालो? दोनशे वर्षांचं साठवलंय त्यांनी पोटात. तोडल्यावर ते जाणार कुठे?"

"हवेत जाणार. मला काय कळत नाही?" साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले. "मॅडमनीही लिहिलंय तसं, चांगली चार पानं. पण वरच्यांनी पहिलंच पान वाचलं. तुमच्या सहीचं."

"खिळे मी ठोकले, साहेब. झाडांनी काय केलं होतं?"

साहेबांनी पाण्याचा पेला पुढे केला, तो तसाच राहिला.

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. त्या रडत होत्या. "काका, मी तेव्हा बोलायलाच नको होतं."

"तू बरोबर मोजलंस, पोरी," तो म्हणाला. फोन ठेवल्यावर मात्र तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसला आणि लहान मुलासारखा हमसून हमसून रडला. बायकोनं गॅस बंद केला आणि शेजारी येऊन बसली.

चाळीस दिवस तोड चालली. मग यंत्रानं बुंधे उपटले, जमीन सपाट केली, खड्डे घेतले आणि गुडघ्याएवढी रोपं ओळीनं लावली. फीतमास्तर त्या काळात घराबाहेर फारसा पडलाच नाही. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "मला जंगल दाखवा तुमचं."

"आता काय दाखवू?"

"इतकी वर्षं येते येते म्हटलं आणि राहूनच गेलं. आहे ते दाखवा."

फाटकापासून पलीकडचा ओढा आता सरळ दिसत होता. नाकासमोर चाललं तर पाच मिनिटांची वाट. फीतमास्तर दहा पावलं सरळ गेला, डावीकडे वळला, अर्धा वळसा घालून पुन्हा उजवीकडे. माणूस वाट चुकला की काय, असं वाटून बायको सरळ निघाली होती. चार पावलांवर ती थबकली, त्याच्याकडे बघत राहिली, आणि माघारी येऊन त्याच्या पाठीमागून चालू लागली.

"जपून," तो मागे न बघता म्हणाला. "इथं मुळं वर आलीयेत."

जमीन तळहातासारखी सपाट होती. बायकोनं पाय उंच उचलून पलीकडे टाकला आणि त्याच्या मागोमाग वळली.