लेफेबर मूळचे कुठले

चारुता नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या विद्यापीठात फ्रेंच इतिहासावर संशोधन करायची. शेजारचे लेफेबर शहाऐंशी वर्षांचे. कॅन्सर हाडांपर्यंत पोचल्यावर त्यांनी कायद्याने मिळणारं मरण मागून घेतलं होतं. गुरुवारी दुपारी डॉक्टर इंजेक्शन द्यायला येणार होते.

त्याआधी त्यांना एकच गोष्ट हवी होती. "आडनाव फ्रेंच आहे आमचं. मूळचे कुठले, करत काय होतो, तेवढं शोधून दे," ते तिला म्हणाले होते.

चारुता एकेक पिढी मागे जात लायडनच्या फ्रेंच चर्चच्या नोंदींपर्यंत पोचली. तिथे धर्मापायी देश सोडून आलेला झाक लफेव्र सापडला, फ्रान्समधल्या सँ-लो गावाजवळचा. त्याच्याआधीच्या पिढ्यांचे कागद फ्रान्समध्येच. तिने तिथल्या अभिलेखागाराला मेल केली. मंगळवारी उत्तर आलं: १९४४च्या जूनमध्ये मित्रराष्ट्रांच्या बॉम्बफेकीत इथलं दप्तर जळालं, त्या भागातल्या जुन्या नोंदी उरलेल्या नाहीत.

संध्याकाळी ती गेली, तेव्हा लेफेबर बैठकीत लावलेल्या पलंगावर होते. मान वळवतानाही कण्हत होते.

"मिळालं?"

"मिळालं," तिच्या तोंडून निघून गेलं. "लोहार होते तुमचे पूर्वज. गावाबाहेर भट्टी होती त्यांची." आडनावाचा अर्थच लोहार, म्हणजे अगदीच खोटं नाही, असं तिने मनाशी म्हटलं.

लेफेबर हसले. "भट्टी! दिर्कला लिहून दे हे. कागदाची प्रतही जोड. माझ्या मुलाला सगळ्याला पुरावा लागतो."

चारुता म्हणाली, "मेनेर लेफेबर, कागदच नाहीत. बॉम्बफेकीत जळाले. भट्टीचं मी मनाने सांगितलं."

"का?"

"वाटलं, आता उगाच तुम्हाला वाईट कशाला..."

ते छताकडे पाहत राहिले. "त्याच वर्षी बॉम्ब इथेही पडले, फेब्रुवारीत. विमानं आपल्याच बाजूची, अमेरिकन. गाव चुकलं म्हणे. आई बाजारात गेली होती. मी पाच वर्षांचा. मावशी म्हणाली, आई शेतावर राहायला गेलीय, उन्हाळ्यात येईल. मला वाईट वाटू नये म्हणून. उन्हाळा आला, गेला. मी रोज दारात बसायचो. शेवटी शाळेतल्या एका पोराने सांगितलं, तुझी आई जळून मेली. मावशीशी मी पुन्हा कधी नीट बोललो नाही."

"माझं चुकलं," चारुता म्हणाली.

"जा आता. थकलोय मी."

बुधवारी ती सापडलेल्या पिढ्यांची माहिती छापून घेऊन गेली. दिर्कने दार अर्धवटच उघडलं. "बाबा आता कुणाला भेटत नाहीत," असं म्हणत त्याने कागद घेतले. दुखणं वाढलंय म्हणून भेटत नाहीत, की आपल्यामुळे, हे विचारायचा तिला धीर झाला नाही.

गुरुवारी ती घरीच थांबली. डॉक्टरांची गाडी आली. बऱ्याच वेळाने दिर्क बाहेर येऊन कुंपणापाशी उभा राहिला, तशी ती गेली.

"झालं," तो म्हणाला.

"कागद पाहिले त्यांनी?"

"नाही. मी पलंगाजवळ ठेवले होते."

"माझ्याबद्दल काही म्हणाले?"

दिर्कने जरा आठवून पाहिलं. "नाही. काल सकाळपासून ते कुणाशीच बोलले नाहीत, आज डॉक्टरांना 'हो' म्हणाले तेवढंच. माझ्याशीसुद्धा."

अशा मरणानंतर नियमाने करायच्या तपासणीला नगरपालिकेचा डॉक्टर यायचा होता. त्याला गाडी लावायला जागा हवी, म्हणून दिर्क दारातल्या सायकली बाजूला घेऊ लागला. चारुताने एक धरली.