अर्थ उलटा आहे

पहिलं बटण

गाडी बाबांची होती, आता दादाची. रेडिओ गाडीत, म्हणून तोही दादाचा. वाटणी इतकी साधी, आणि ठिणगीनं ती मान खाली घालून मान्यही केली होती. तिचं खरं नाव घरात कुणी घेत नसे. लहानपणी बाबांच्या टेबलावर दोन वायरी एकमेकींना टेकवून तिनं घरभर अंधार केला, त्या दिवसापासून ती ठिणगी. आता पन्नाशी उलटलेली ठिणगी. श्रवणयंत्रांच्या दुकानात मागच्या टेबलावर बसून दिवसभर लोकांचे कान दुरुस्त करायची. घरचे कान तेवढे तिच्या हाताबाहेरचे.

रेडिओला पाच बटणं, जुन्या दातांसारखी पिवळट. सुई हव्या त्या स्टेशनावर आणायची, बटण बाहेर ओढायचं आणि ठासून आत दाबायचं, की बटण ते स्टेशन लक्षात ठेवी. पाचातलं चौथं अडके. बाबांनी आणि तिनं मिळून तो रेडिओ किती वेळा उघडला असेल, त्याला गणती नाही.

दादाला त्या गाडीत फोनमधली गाणी हवी होती. जुन्या गाड्यांचं प्रदर्शन तोंडावर आलं होतं.

"लोक आत बसतात आणि पहिलं विचारतात, गाणी लागतात का? मी काय ऐकवू त्यांना, खरखर?"

"रेडिओ न फोडता होईल," ठिणगी म्हणाली. "महिनाभर दे मला."

"बघू," दादा म्हणाला.

दादाचं 'बघू' म्हणजे काय, हे तिला जन्मापासून माहीत. तरी ती महिनाभर बसली. काडेपेटीहून जरा मोठी पत्र्याची एक डबी तयार केली. फोनमधलं गाणं ती एरियलच्या वाटेनं रेडिओला असं देई, की त्या बिचाऱ्याला वाटावं, हवेतून एक नवं स्टेशन आलं. एक वायर कापायची नाही, एक भोक पाडायचं नाही. पाचवं बटण दाबलं की गाणं सुरू.

दुसरं बटण

शनिवारी सकाळी डबी पर्समध्ये घालून ती दादाच्या अंगणात पोचली, तर बॉनेट उघडं आणि आत एक माणूस कमरेपर्यंत गेलेला. गाड्यांना टेप आणि डेक बसवून म्हातारा होत आलेला हा गडी. सगळे त्याला डेकवाला म्हणत.

"अरे, आलीस?" दादा म्हणाला. "बस. फक्त बस हं, ठिणगे. मागच्या खेपेला पेंटरसमोर माझा पचका केलास तसं नको. हा माणूस तीस वर्षं हेच करतोय."

"मी काही बोलले का?"

"तुझं तोंड दिसतं ना मला."

ती पायरीवर बसली. पर्स मांडीवर. एकदा, फक्त एकदा वळून दादानं म्हणावं, 'तुला काय वाटतं गं?' एवढंच तिला हवं होतं. मग ती डबी काढणार होती.

"साहेब," डेकवाला आतून म्हणाला, "हे काय लिहिलंय?"

बॅटरीच्या मागच्या पत्र्यावर पांढऱ्या रंगात बाबांचं अक्षर. दादानं मोठ्यानं वाचलं.

"'अर्थ उलटा आहे. आधी विचार.'" मग तो हसला. "आमचे वडील. सुविचार लिहायची खोड होती त्यांना. डायरीत लिहायचे, कॅलेंडरवर लिहायचे. आता बघा, बॉनेटखाली!"

"मोठा माणूस," डेकवाला म्हणाला आणि पान्हा शोधू लागला.

पायरीवर ठिणगी ताठ झाली. तो सुविचार नव्हता. बाबांनी ते लिहिलं तेव्हा रंगाचा डबा तिनंच धरला होता.

"अर्थ म्हणजे अर्थिंगचा अर्थ," बाबा म्हणाले होते. "आजच्या गाड्यांत बॅटरीची वजा बाजू बॉडीला जोडतात. आपली म्हातारी जुन्या वळणाची, हिची अधिक बाजू बॉडीला. एक दिवस कुणी शहाणा येईल आणि म्हणेल, बॅटरी चुकीची बसवलीय. सरळ करायला जाईल आणि रेडिओ जाळून ठेवील. त्यानं आधी तुला विचारायचं."

"मला?"

"मग काय तुझ्या दादाला? त्याला झाकण कुठल्या बाजूनं फिरतं ते समजत नाही."

दोघं हसली होती. हसता हसता तिनं वर पाहिलं, तर दादा दारात चहाचे दोन कप घेऊन उभा. कप ठेवून तो आत गेला. पंचवीस वर्षं झाली त्याला.

तिसरं बटण

डेकवाल्यानं रेडिओ बाहेर ओढला. आवाजाच्या बटणाला पाठीमागून दोन वायरी जोडल्या आणि त्यांना एक काळी चपटी वस्तू लावली. तिच्यावर निळा दिवा लागायला हवा होता. लागला नाही. त्यानं वायरी तपासल्या, फ्यूज तपासला, मग मीटर लावला आणि कपाळावर हात मारला.

"साहेब, कुणा बावळटानं बॅटरी उलटी बसवलीय! इतकी वर्षं गाडी चालली कशी?"

"काय सांगता!"

"पाच मिनिटांत सरळ करतो."

बॅटरीच्या टोकांना वायरी धरून ठेवणारे क्लॅम्प काही सरळ व्हायला तयार नव्हते. एकाचं तोंड लहान, ते जाड टोकावर बसेना. डेकवाल्यानं पेचकस घालून फाकवलं आणि हातोडीनं ठोकलं. दुसऱ्याचं मोठं, ते बारीक टोकावर डुगडुगायला लागलं. त्यात त्यानं पत्र्याची पट्टी सारली. लोखंड ओरडून सांगत होतं. पायरीवरचं माणूस गप्प होतं.

दादानं एकदा तिच्याकडे पाहिलं. तिचा हात पर्सच्या चेनवर गेला. आता विचारतोय.

"पाणी आणतेस का गं? या गृहस्थांना."

ती उठली. पाणी आणलं. पेला पुढे केला तेव्हा डेकवाल्याचा हात रेडिओ चालू करायच्या बटणापासून वीतभर लांब होता. 'थांबा' या शब्दाला किती वेळ लागतो?

चौथं बटण

(हे अडकतं.)

पाचवं बटण

निळा दिवा लागला.

"आला!" दादानं टाळी वाजवली. फोनवर अक्षरं आली, जोडलं गेलं म्हणून. दादानं गाणं लावलं. फोनवर सेकंद पुढे सरकू लागले, पण गाडीत चकार आवाज नाही. मग रेडिओच्या जाळीमागून धुराची एक बारीक रेघ निघाली. तापलेल्या लाखेचा तो वास ठिणगीनं झोपेतही ओळखला असता.

डेकवाल्यानं घाईनं क्लॅम्प उपटला. "जुना माल, साहेब. कधीतरी जाणारच होता. काळजी नको. आतलं सगळं काढून टाकू, तोंड तेवढं ठेवू. बटणं गोंदानं चिकटवतो. बाहेरून कुणाच्या बापाला कळणार नाही."

दादा थोडा वेळ त्या जाळीकडे बघत राहिला. मग हळूहळू पायरीकडे वळला.

"तुला माहीत होतं."

"बाबांनी लिहून ठेवलंय की. आधी विचार."

"केला ना विचार! चार महिने केला. उगाच उठून हात घातला का मी?"

"विचार केलास, दादा. विचारलं नाहीस."

"आणि तू? तुझ्या डोळ्यांदेखत जळत होता तो. तोंड शिवलं होतं?"

"बस म्हणालास. बसले."

जिंकल्यासारखं वाटेल अशी तिची समजूत होती. तोंडात नुसती लाखेची चव होती.

दुपारपर्यंत काम झालं. गाणं वाजायला लागलं, खणखणीत, खरखरीचा मागमूस नाही. सुई बाबांच्या तिसऱ्या बटणाच्या स्टेशनावर थांबलेली, कायमची. दादानं एक जड पिशवी तिच्या हातात दिली. आत जळका, काळा पडलेला रेडिओ.

"घे. तुला हवा होता ना?"

तिनं घेतला. पर्समधल्या डबीबद्दल ती बोलली नाही. आता ती डबी कुणाला स्टेशन ऐकवणार?

मग दादा फडकं आणि टर्पेंटाइन घेऊन बॉनेटपाशी गेला. प्रदर्शनात लोक आत वाकून बघतात, ती अक्षरं बरी दिसत नाहीत, म्हणाला. तसंही आता ती खोटी होती. अर्थ सरळ झाला होता.

बाटलीचं झाकण काही त्याला उघडेना. तो जोर लावून उलटीकडेच पिळत होता. ठिणगीनं पिशवी खाली ठेवली, बाटली त्याच्या हातातून घेतली, झाकण उघडलं आणि बाटली परत दिली.

त्यानं विचारलं नव्हतं.