अंडीवाली सोडायची

खेकड्याला हात लावायची किळस तिला कधीच वाटली नव्हती. लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून खाडीच्या तोंडाशी असलेल्या शेडमध्ये नवऱ्याने पिंजरे रिकामे करायचे आणि तिने एकेक खेकडा उलटा करून बघायचा, हीच रीत होती. पोटाखालच्या झाकणीतून पिवळा गोळा बाहेर आलेला दिसला की ती अंडीवाली, तिला परत पाण्यात सोडायचं. "पोटुशीला विकू नका, एवढी तरी लाज ठेवा," सासूबाई दटावायच्या. अलीकडे अशा अंडीवाल्या वाढतच चालल्या होत्या आणि नवरा-बायको खूश होती, की चला, आता खाडी भरणार.

भरते कसली, खाडी रिकामी होत चालली. म्हणून संशोधन केंद्रातल्या बाई आल्या. त्यांनी टबातली एक अंडीवाली उचलून चिमट्याने तो गोळा दाबला, तर आतून नासलेल्या सायीसारखं काहीतरी ओघळलं.

"ही अंडी नाहीत," त्या म्हणाल्या. "हा दुसराच प्राणी आहे. परदेशी जहाजांबरोबर आलाय, नात्याने खेकड्याचाच चुलत म्हणा ना. खेकड्याच्या अंगात शिरतो, पार डोळ्यांपर्यंत मुळं पसरतो आणि मग पोटाखाली असा बाहेर येतो. खेकड्याला वाटतं, आपलीच अंडी. तो जपतो त्याला, साफ करतो, वारा घालतो."

"पण हा तर नर वाटतोय," नवरा म्हणाला.

"नरही जपतो. त्याचं पोट मादीसारखं रुंद होतं."

म्हणजे इतकी वर्षं धडधाकट तेवढे बाजारात पाठवले आणि ही घाण आपल्याच हाताने खाडीत पेरली! तिने साबण लावून लावून हात धुतले तरी बोटांचा बुळबुळीतपणा जाईना. बाईंनी बजावलं होतं, असे सगळे उकळत्या पाण्यात टाका, नाहीतर खाडी संपली. खाडी संपली की शेड संपली, आणि शेडशिवाय या घराला दुसरा आधार नव्हता.

पण नवरा ऐकेल तर ना! ती पातेलं चढवायची आणि हा मागच्या दाराने टब घेऊन पाण्याकडे. पकडला की म्हणायचा, "अगं, बघ तरी, कसा जपतोय तो." हळूहळू त्याचं चालणंही बदललं, पाय फाकवून, कंबर मागे टाकून चालायला लागला. जेवताना एक हात पोटावर, झोपेत दोन्ही. कपड्यांना कुजक्या शिंपल्यांचा असा वास, की धुताना तिला तोंड फिरवावं लागे. "याला डोहाळे लागलेत की काय!" सासूबाई हसल्या. तिचा घास तोंडातल्या तोंडात फिरत राहिला.

शेवटी एका दुपारी शेगडीवर पाणी ठेवून तिने त्याला शेडमध्ये गाठलंच. "अहो, पुरे झालं आता. शर्ट वर करा."

त्याने केला. बेंबीखाली लिंबाएवढा गोळा होता, पिवळट, ओलसर, आणि त्याच्या श्वासाशी काही संबंध नसल्यासारखा आपल्याच लयीत हलणारा. शी! या माणसाशेजारी आपण झोपतो, या विचाराने तिच्या अंगावर काटा आला.

"उद्या सकाळी दवाखाना," ती कशीबशी म्हणाली. "कापून टाकायचं हे. ऐकताय ना?"

"हो," तो म्हणाला. नजर मात्र गोळ्यावरच होती.

गोळ्याच्या कडेला चिखलाचा ठिपका लागला होता. तो काढायला हवा, नाहीतर चिघळायचं, एवढंच तिच्या मनात आलं. ती गुडघ्यांवर बसली, ओल्या फडक्याने तिने तो पुसला. मग गोळ्याखालच्या घडीतला चिखल पुसला. मग फडकं टाकून बोटानेच.

"हळू गं," तो म्हणाला.

"हळूच करतेय," ती म्हणाली, आणि वाकून त्यावर फुंकर घालू लागली. शेगडीवरचं पाणी उकळून उकळून आटत आलं होतं. तिकडे बघायला दोघांपैकी कुणालाच सवड नव्हती.