कट्ट्यावरचा एसी

वर्षाराणीला खात्री होती, समाजशास्त्राचा प्रकल्प कुणी वाचत नसतं. जाडी बघतात, सही ठोकतात. म्हणून तिनं विषय घेतला घरचा, ‘कोल्हापुरातील दूध कट्टा’, आणि लिहायचं काम दिलं मोबाइलमधल्या एआयला. चहा निवायच्या आत प्रकल्प तयार. राजारामपुरीतल्या दुकानातून तेवढी कव्हरवर सोनेरी अक्षरं छापून आणली.

आता अरुणा मॅडम तोच प्रकल्प उघडून चष्म्यावरून तिच्याकडं बघत होत्या. सोमवारी बाहेरचे परीक्षक यायचे होते. मॅडमची सही नसेल तर वर्षाराणी नापास, आणि एम.ए.चा प्रवेश गेला पुढच्या वर्षावर.

मॅडमनी एक ओळ वाचून दाखवली. “‘कट्ट्यावरील वातानुकूलित आसनव्यवस्थेबद्दल ऐंशी टक्के ग्राहकांनी समाधान व्यक्त केले.’ तुझ्या वडिलांनी एसी कधी बसवला गं? परवाच मी तिथं उभ्यानं दूध प्याले. म्हशीची शेपटी पदराला लागली माझ्या.”

वर्षाराणीनं हसू गिळलं. तिचे आबा, हंबीरराव, रोज संध्याकाळी गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळता ग्लास हातात देतात. ग्लास विसळायला ती स्वतः असते. आणि त्या कट्ट्याची माहिती तिनं जन्मात म्हैस न बघितलेल्याला विचारली होती. वर्गात ती एकटीच नव्हती म्हणा. राजवीरच्या प्रकल्पानं तर धो-धो पावसाच्या गगनबावड्यात दुष्काळ पाडला होता.

आळस होता की वेळ नव्हता, एवढंच मॅडमनी विचारलं.

“कष्टाला मी भीत न्हाय, मॅडम. शेणघाण काढून कॉलेजला येते. पण पहिल्या वर्षी माझ्या भाषेत लिहिलं, तर तुम्हीच लाल पेनानं शेरा मारलासा, भाषा अभ्यासाची नाही म्हणून. मग अभ्यासाची भाषा आणायची कुठनं? ती मोबाइलमध्ये मिळाली.”

मॅडमना तो शेरा आठवला की नाही, चेहऱ्यावरून कळेना. मग त्यांनी प्रकल्प मिटून तिच्या हातात दिला. यावर सही होणार नाही, सोमवारी सकाळी नवा आण, उशिराचे गुण मात्र कापणार, असं त्यांनी बजावलं.

“भाषा तुझी चालेल,” त्या म्हणाल्या. “पण ऐंशी टक्के लिहायचे असतील तर माणसं मोजून लिही.”

“आणि परीक्षक हसले तर?”

“तर मी आहे की तिथं.”

त्या संध्याकाळी वर्षाराणी कट्ट्यावर गिऱ्हाइकांच्या बाजूला उभी राहिली. घरी दुधाची पिशवी येत असताना इथवर कशाला येता, असं एकेकाला विचारत सुटली. ग्लास साचले तसे हंबीरराव ओरडले. आज मी कॉलेजच्या कामावर हाय, आता सांगायची पाळी तुमची, असं तिनं त्यांना सुनावलं.

कॉलेजचं काम म्हटल्यावर आबांनी हात पुसले, टोपी सारखी केली, घसा खाकरला. “सदर व्यवसाय हा आमचा वडिलोपार्जित असून...”

“आबा, रोज बोलताय तसं बोला.”

ते बावरले. “तसलं लिहिणार व्हय?”

“तसलंच लिहिणार.”

हंबीररावांनी एकदा लेकीकडं बघितलं, मग म्हशीच्या पाठीवर थाप मारून सांगायला लागले.