सहाव्या वॉर्डाचं बटण

व्हॉल्व्हवर सरडा बसलाय.

वॉर्ड सहा. स्क्रीनवर बटणं पाच.

"काय गा चैतराम, साऱ्या गावाले पाणी पाजते अन् आपल्याच वॉर्डात कोरडा नळ!" कमरेवर रिकामा हंडा घेतलेली शेजारीण, शेवंताबाई.

कॉम्प्युटरला हवेत दोन आकडे, एक हो-नाही.

खैरलांजी तहसिलीतून सही घ्यायला साहेबांची जीप निघाली आहे.

चैतराम गावच्या नळयोजनेचा पंपचालक, बावीस वर्षं. आधी हातानं व्हॉल्व्ह फिरवायचा. तीन वर्षांपूर्वी ठेकेदारानं कॉम्प्युटर आणला, हातानं फिरवायची चाकं काढली, पाच वॉर्डांची बटणं दिली. सहाव्याचा व्हॉल्व्ह शेवटी बसवला आणि बटण न करताच गेला. आता योजना पूर्ण झाल्याचा कागद आलाय. पंपचालकाची सही झाली की सहाव्या वॉर्डासाठी परत कोणी येणार नाही.

"कर दो ना भैया," पंचायतीचा सचिव पुनाराम म्हणाला. "बारा बजे साहब आएंगे."

"पाणी पाह्यल्याबगर सही नाही."

चैतरामची मुलगी दीपिका बालाघाटला कॉलेजात जावा ही कॉम्प्युटरची भाषा शिकवते. सकाळपासून ती पंपघराच्या फरशीवर कॉम्प्युटर पुढ्यात घेऊन बसली होती.

"बटणच नाही, त तू दाबून काय राह्यली?"

"बटण नाही बाबा, पण काम करणारी मेथड आत असंन. मी प्रोग्रामच्या फाइललेच विचारून राह्यली. तुयात कोण कोण हाय, अन् कोणाले काय काय लागते."

जावात ही सोय आहे. मूळ लिखाण हाती नसलं तरी तयार प्रोग्रामकडून त्याच्या मेथडची, म्हणजे एकेक काम करणाऱ्या तुकड्यांची, यादी मागता येते. अकरा निघाल्या. ठेकेदारानं नावं पुसून नुसती अक्षरं ठेवलेली. त्यातली 'के' बाहेरच्यांना बंद होती. दीपिकानं तिचीही कडी काढली. 'के'ला लागत होतं: आकडा, आकडा, हो किंवा नाही. कुठला आकडा कशाचा, ते फाइल सांगत नाही. एक वॉर्डाचा असणार, दुसरा व्हॉल्व्ह किती टक्के उघडायचा त्याचा.

के(६). घाईतली चूक. तीन पाहिजेत.

के(१००, ६, हो). काहीच नाही. शंभर नंबरचा वॉर्ड कुठून असणार?

के(६, १००, हो).

धाडकन पाइप हादरला. सरडा पसार.

"बंद कर! बंद कर वो!" चैतराम ओरडला.

दीपिकानं शंभराच्या जागी शून्य टाकलं. पाइप शांत झाला. चैतरामनं त्याला कान लावला आणि हसायलाच लागला.

"पोरी, वाल सापडला तुले! पण एकदम पुरा नाही खोलत. हवा कोंडते. मी हातानं करो, तं पह्यले थोडा, मंग दम, मंग बाकीचा."

"म्हणजे 'हो'त एकदम खुलते," दीपिका म्हणाली. "मंग 'नाही'त हळूहळू खुलत असंन."

के(६, १००, नाही).

पाइप फुसफुसला. तीन मिनिटं नुसती हवा.

मग टेकडीवरच्या सहाव्या वॉर्डातून शेवंताबाईंची आरोळी आली. "आलं वो माय! आलं!" कोणीतरी थाळी वाजवली, मग दहा थाळ्या. पुनाराम पायातल्या चपला विसरून पळाला आणि गुडघ्यापर्यंत भिजून परत आला.

"पाह्यलं?" चैतराम म्हणाला. "आन आता तो कागद."

त्यानं वडिलांच्या नावासकट पूर्ण सही केली, सावकाश. खाली लिहिलं: वॉर्ड सहा चालू. मग पेन दीपिकाच्या हातात दिलं. "तू बी कर. अन् बटण बनव. सगळ्यात मोठं."

वॉर्डातल्या नळाच्या ज्या तोटीतून आज पहिल्यांदा पाणी आलं, ती चैतरामच्या बायकोनं, मंजूनं, पाइप पुरत होते त्याच आठवड्यात बालाघाटहून आणली होती. त्यानंतर ती पाच महिने जगली.